मनसुब्याचा चौथा प्रश्न

अमरावतीच्या कापूस बाजारात कडुनिंबाखाली एक घोंगडी, घोंगडीवर उतरत्या झाकणाची लिहायची पेटी, पेटीवर दौत, आणि पेटीमागे मी. कापसाला सोन्याचा भाव आला त्या चार-पाच वर्षांत आणि पुढेही बरीच वर्षं मी तिथे बसून लोकांचे मनसुबे लिहून देत असे. पत्रं आणि अर्ज लिहिणारे बाजारात आणखीही होते. मनसुबे लिहिणारा अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच, असं मी तेव्हा छाती काढून सांगायचो. ते खरं होतं की नाही, मी कधी तपासलं नाही. अशा गोष्टी तपासायच्या नसतात.

आता आमच्या गावच्या छापखान्याला दसऱ्याचा अंक काढायचा आहे. छापखान्याचे मालक घरी येऊन म्हणाले, "मुन्शीजी, तुमचे ते बाजारातले किस्से द्या. लोक पोट धरून हसतील." हसतील यात शंका नाही. ते किस्से मी इतक्या वेळा सांगितले आहेत, की कुठे थांबायचं, कुठे भुवई उडवायची, हेसुद्धा ठरून गेलं आहे. पण हल्ली दमतो. वय पन्नाशीच्या अलीकडे आहे, गुडघे धड आहेत, दमतं ते तोंड. म्हणून तोंडाने जो कधीच सांगितला नाही, तो एक किस्सा हाताने लिहितो आहे. त्याच्यापर्यंत पोचण्याआधी धंदा समजावून सांगायला हवा, नाहीतर गंमत कळणार नाही.

तिकडे अमेरिकेत भाऊ-भाऊ लढायला लागले, त्यांचा कापूस अडला, आणि विलायतेतल्या गिरण्यांना एकदम आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. ज्या माणसाने आयुष्यभर पुढच्या पावसापलीकडे पाहिलं नव्हतं, त्याला अचानक पुढची पाच वर्षं दिसायला लागली. असा एक शेतकरी एकदा माझ्याकडे मेव्हण्याला पत्र लिहायला आला. पत्रात त्याला कळवायचं होतं, की बैलजोडी घ्यायची आहे, माडी चढवायची आहे, काशीला जायचं आहे, दुसरं लग्न करायचं आहे. मी विचारलं, "आधी काय करणार?" तो म्हणाला, "सगळंच." मी म्हणालो, "आणि काशीला कोणती बायको नेणार?" माणूस तिथेच मटकन बसला. त्याने याचा विचारच केला नव्हता. मी पत्र बाजूला ठेवलं, नवा कागद घेतला आणि त्याच्या सगळ्या इच्छा एकाखाली एक मांडल्या. मांडल्यावर दुसरं लग्न आपोआप तळाला गेलं आणि मग कागदावरून पडलंच. तो जाताना पाया पडला. त्याची बायको आठवड्याने येऊन पडली. धंदा सुरू झाला.

मी प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचो. काय करायचं? कधीपर्यंत? आधी काय आणि मग काय? आणि चौथा, माझा आवडता: आड कोण येईल? पहिल्या तीन प्रश्नांना लोक पटापट उत्तरं देत. चौथ्याला घुटमळत. कोणी भावाचं नाव घेई, कोणी सासऱ्याचं. एकाने बराच विचार करून स्वतःच्या रेड्याचं नाव सांगितलं होतं. मी ते लिहिलं. रेडा खरंच आडवा आला.

गिऱ्हाइकाला वाचता येत नसे, म्हणून मी प्रत्येक कलमापुढे एक छोटं चित्र काढायचो: बैल, माडी, देवळाचा कळस. ते काम झालं की त्या चित्रात बाभळीचा काटा टोचायचा. वर्षाने कागद घेऊन यायचं आणि उन्हासमोर धरायचं. जितकं झालं तितका उजेड आत येणार. लिहिता न येणाऱ्या माणसाला आपल्या वर्षाचा हिशोब असा डोळ्यांनी दिसायचा आणि त्याला फार आवडायचा. एक पाटील तर कागद हातात पडताच सगळी चित्रं टोचून मोकळे झाले. "आता फोडून ठेवतो, मंग मागाहून करीन," म्हणाले. त्यांचा कागद पहिल्याच दिवशी चाळणी झाला आणि पुढे त्यातलं एकही काम झालं नाही. पण दर वर्षी तो उन्हासमोर धरून ते माझ्याकडे पाहून प्रसन्न हसत.

कागद बाळापूरच्या रहीमचाचांचा. ते पिढीजात कागद करणारे. माझ्या शेजारीच फडकं टाकून बसत, दिवसभर कडा कापत आणि मोजून चार वाक्यं बोलत. मी एकदा कुरकुरलो, की एवढे मनसुबे लिहितो पण पुरे होणारे थोडेच, तेव्हा ते कात्री न थांबवता म्हणाले, "हमारे कागद में खोट नई है, मुन्शीजी. खोट लिखने के बाद आती."

आता गिरजाबाई.

त्या पूर्णेच्या काठच्या एका गावच्या. गावाचं नाव लिहीत नाही, एकदा बोललो तेवढं पुरे झालं. तो सगळा खारपाणाचा पट्टा. जमीन लोण्यासारखी, कापूस डोक्याएवढा, पण विहिरीला पाणी लागतं ते खारं. बैलसुद्धा तोंड लावून मान फिरवतो. बाया कोसभर चालून गोडं पाणी आणतात, आणि त्यामुळे त्या पट्ट्यात कोणी आपली मुलगी देत नाही.

चाळिशीची, उंच, कामाने वाळलेली बाई. नवरा गाडीजवळ उभा राहून बैलांशी बोलत असे, माणसांशी बोलणं गिरजाबाईंकडे. त्या येऊन घोंगडीच्या कडेला बसल्या आणि आधी त्यांनीच मला प्रश्न विचारला.

"मुन्शीजी, तुमी लिवता ते वाचून दाखवता का लोकायले?"

"कागद ज्याचा त्याचा, बाई."

"मंग लिवा. पण आमच्यात मनसुबा बोलत नसतात. बोलला की नजर लागते. कागदाले सांगतो मी, तुमाले नाही."

त्यांचा मुलगा नामदेव लग्नाचा झाला होता. चांदूर बाजाराकडची, गोड्या पाण्याच्या गावची एक मुलगी पाहिली होती. मुलीचा बाप सरळ बोलला होता: गावात गोड्या पाण्याची विहीर दाखवा, अक्षय तृतीयेनंतर मुलगी देतो, नाहीतर नाव काढू नका. आणि गिरजाबाईंना जागा सापडली होती. नाल्यापलीकडे एक पडीक तुकडा होता, त्यात जुनं उंबराचं झाड होतं. पाणाड्याने, म्हणजे जमिनीखालचं पाणी हुडकणाऱ्या माणसाने, उंबराच्या पायथ्याशी कान लावून सांगितलं होतं, की इथे गोडं लागेल. तुकड्याचा मालक अचलपूरला राहत होता. त्याला त्या जमिनीत काही रस नव्हता. कापूस विकून या, तुकडा तुमचा, असं तो गिरजाबाईंना म्हणाला होता.

मी चार चित्रं काढली. कापसाची गाडी. उंबर. विहिरीचा गोल. चौथ्या कलमाला मी बाशिंग काढायला लागलो, तर बाईंनी हात आडवा केला.

"लगन नोका काढू. लगन मांडवात होते अन् उठते. माप काढा."

उंबरठ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवतात, नवी सून ते पायाने लवंडून घरात येते, ते माप. त्यांना सून घरात आलेली हवी होती. मी माप काढलं. ते फार सुरेख आलं, अगदी काठावर तांदळाचे दाणेसुद्धा.

"आता शेवटचं," मी म्हणालो. "आड कोण येईल?"

त्यांनी विचार केला. गाडीजवळच्या नवऱ्याकडे पाहिलं, रहीमचाचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कोणी नाही," म्हणाल्या. "माहीतच कोनाले हाय?"

मी चौथ्या प्रश्नापुढची जागा कोरी सोडली. त्या दिवशीच त्यांचा कापूस विकला गेला. तिथेच घोंगडीवर बसून त्यांनी गाडीच्या चित्रात काटा टोचला आणि गेल्या. गावाकडची कामं उरकून आठ-दहा दिवसांनी त्या अचलपूरला जाणार होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुलाबराव आले. हे बाजारातले अडते. शेतकऱ्याचा कापूस व्यापाऱ्याला घालून द्यायचा, हे त्यांचं काम. कानात अत्तराचा फाया, बोटांत अंगठ्या, बैलांच्या शिंगांना चांदीच्या टोप्या. हसायला लागले की पोट आधी हसायचं आणि गुलाबराव मागून. वाईट माणूस नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्या दिवशी त्यांच्या गाड्या वाटेत खोळंबल्या होत्या आणि ते कंटाळले होते.

"काय गा मुन्शी," ते पाटावर बसत म्हणाले, "काही ऐकव ना बे. कोनाची नक्कल कर."

भोवती पाच-सहा जण जमले. आणि मी, वाचकहो, उठलो. मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, पाच माणसं आणि एक रिकामी जागा दिसली की मला बसवत नाही. आधी चाळणीवाल्या पाटलांची नक्कल केली. हशा झाला. रेडेवाल्याची केली. आणखी हशा झाला. हशा दारूसारखा असतो, दुसऱ्या पेल्यानंतर हात आपला राहत नाही. मी उपरण्याचा पदर डोक्यावर घेतला, मान ताठ केली आणि गिरजाबाई झालो.

"कागदाले सांगतो मी, तुमाले नाही!"

लोक लोळले. आता नुसत्या तेवढ्या वाक्याची नक्कल किती वेळ पुरणार? मी पुढे गेलो. पाणाड्या झालो, उंबराला कान लावला, पाण्याचा आवाज काढला. मुलीचा बाप झालो, मिशीला पीळ दिला. अचलपूरचा मालक झालो, जांभई दिली आणि म्हणालो, "कापूस विकून या, तुकडा तुमचा." शेवटी पुन्हा बाई होऊन माप लवंडलं. टाळ्या पडल्या. शेजारी कात्रीचा आवाज थांबला होता, एवढं माझ्या कानाने टिपलं, पण मनाने घेतलं नाही.

गुलाबराव सगळ्यांत जास्त वेळ हसले. डोळे पुसत म्हणाले, "लई भारी, लेका. कोन्त्या गावची म्हनलं ही?"

मी सांगितलं.

पाचव्या दिवशी तो तुकडा गुलाबरावांच्या नावे झाला. तिथे जवळच रेल्वेचं स्टेशन होणार असल्याची आवई होती आणि त्या वाटेवर त्यांना गाडीतळ करायचा होता. शेकडो गाड्या, शेकडो बैल, आणि सगळ्या पट्ट्यात गोडं पाणी फक्त त्यांच्या कुंपणाच्या आत. मनसुबा चांगला होता. त्यांनी तो मला लिहायला सांगितला नाही.

चैत्रात गिरजाबाई आल्या. तोच कागद, घडी तशीच. मी पेटीवरची धूळ झटकायला लागलो, धूळ नव्हतीच.

"मुन्शीजी, हे कोनाकोनाले माहीत होतं?"

"मला काय विचारता, बाई?"

"मले माहीत होतं. तुमाले माहीत होतं. नवरा हाय, तो बैलायले सांगते, पण बैल काही अचलपूरले जात नाही."

मी उभा राहिलो. अंबादेवीच्या देवळाकडे तोंड केलं, गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि आवाज घोगरा करून म्हणालो, "आईची आण. या तोंडातून शब्द गेला असेल तर हे तोंड झडो." सांगायला लाज वाटते, पण ते मी फार चांगलं केलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं.

गिरजाबाईंनी ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि गेल्या. रहीमचाचा त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं आठ दिवस न बोलणं ओळखायला मला चार दिवस लागले.

पुढचं मला बाजारात कळलं. मुलीच्या बापाने लग्न मोडलं नाही. त्याला नामदेव आवडला होता. त्याने एवढंच सांगितलं, की मुलगी तिकडे येणार नाही, मुलगा इकडे पाठवा. लग्न झालं. नामदेव घरजावई होऊन चांदूर बाजाराकडे गेला. वऱ्हाडात घरजावई म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला समजावत बसत नाही. गिरजाबाईंच्या घरी उंबरठ्यावर माप मांडलंच गेलं नाही.

माझा धंदा जोरात चालत राहिला. लोक नकला मागत आणि मी करत असे. गिरजाबाईंची मात्र कधी केली नाही, आणि कोणी मागितली की मला खोकला यायचा. त्या वर्षापासून मी दमायला लागलो. तोंड चालत असे आणि आत कोणीतरी थकून भिंतीला टेकून बसलेलं असे. सकाळी दौतीत पाणी घालतानाच वाटायचं, आज कोणी येऊ नये. लोक यायचेच. माड्या, बैल, काशी. मी चित्रं काढायचो आणि चौथा प्रश्न पटकन उरकायचो.

मग अमेरिकेतली लढाई संपली. भाव असा बसला, की कापसाच्या गाडीवर बसलेल्या माणसाला गाडी रिकामी असल्यासारखं वाटावं. शिंगांवरच्या टोप्या उतरल्या. चाळणीवाले पाटील तेवढे पहिल्यासारखेच प्रसन्न हसत. त्यांचं सगळं आधीच झालेलं होतं. रेल्वे आली, पण तिचं स्टेशन गुलाबरावांच्या वाटेवर आलं नाही. गाडीतळाच्या कुंपणात तण माजलं. विहीर तर त्यांनी खणलीच नव्हती, आज खणू, उद्या खणू करत राहिले. बाजारात येणंही त्यांनी कमी केलं. शेवटी पाहिले तेव्हा अत्तराचा फाया होता, वास नव्हता.

त्यानंतर किती पावसाळे गेले ते मोजलं नाही. एका सकाळी बाजारात फार गर्दी नव्हती, आणि घोंगडीच्या कडेला कोणीतरी येऊन बसलं. केस पांढरे झाले होते. मान तशीच ताठ.

गिरजाबाईंनी कमरेचा कागद काढला. घड्यांवर फाटला होता, त्याला मागून भाताच्या खळीने चिंधी लावली होती. त्यांनी तो उन्हासमोर धरला. गाडीतून उजेड आला. उंबरातून आला. विहिरीच्या गोलातून आला.

"तुकडा घेतला," त्या म्हणाल्या. "गुलाबरावानं सोताहून इकला. विहीर खनली. गोडं लागलं."

बरोबर भोपळ्याचा तुंबा होता. त्यांनी बूच काढून तो पुढे केला. मी ओंजळ धरली आणि प्यायलो. पाणी गोड होतं. रहीमचाचांनाही दिलं. त्यांनी पिऊन डोळे मिटले आणि म्हणाले, "शुक्र है."

"आता गावात सुना येऊन राहिल्या," बाई म्हणाल्या. "यंदा दोन आल्या. दुसऱ्याच्या घरी."

मापाचं चित्र बंदच होतं. दाणे अजून स्पष्ट दिसत होते. मी विचारलं, "नामदेव?"

"तिकडंच. दोन लेकरं हायेत. आता थो काय येते?"

मी घसा साफ केला. इतकी वर्षं तयार करून ठेवलेलं एक लांबलचक भाषण होतं. ते मी सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी कागद पेटीवर ठेवला आणि बोट टेकवलं. वाचता येत नसूनही बोट बरोबर जागेवर होतं.

"इथं तुमी काय इचारलं होतं?"

"आड कोण येईल."

"अन् म्या काय सांगतलं?"

"कोणी नाही."

"चुकलं होतं माहं. भरून घ्या."

"काय लिहू, बाई?"

"मालकानं मले तवाच सांगतलं होतं, अचलपूरले. म्हने, घेनारा माहीच नक्कल करून दाखवत होता. पदर घेऊन. 'कागदाले सांगतो मी.' थे गुलाबरावाले कुठून येईन? थे तुमालेच येते." त्यांचा आवाज चढलाही नाही. "मंग मी इथं आली होती. म्हनलं, मानूस हाय, सांगन. तुमी देवीची आण घेतली. लिवा."

रहीमचाचांची कात्री थांबली होती. मी बोरू दौतीत बुडवला. माझं अक्षर बाजारात सगळ्यांत सुरेख, हे मी खोटं सांगत नाही. त्या कोऱ्या जागेत, 'आड कोण येईल' याच्यापुढे, मी माझं नाव लिहिलं. वामन मुन्शी.

मी कागदावर वाळू टाकून तो झटकला आणि पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"मले काय समजते काय लिवलं थे? वाचा."

मी हळूच वाचलं.

"असं नाही," गिरजाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी वाचलं होतं तसं. बाजाराले."

तोवर चार-पाच माणसं थांबलीच होती. मुन्शी काहीतरी करणार म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर हसू आधीच तयार होतं. पाच माणसं आणि एक रिकामी जागा. मी उभा राहिलो आणि वाचलं. पुटपुटल्यासारखं.

"आयकू नाही आलं," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.